सहावी ते आठवीसाठी सत्रभर एकच विशेष विषय : निवड आणि आखणी कशी करावी?

सूरसागरकाठ

या चर्चामंचावरील सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यातील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. येत्या पहिल्या सत्रात, म्हणजे जून ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका 'विशेष विषय' म्हणून मोकळ्या ठेवण्यास मुख्याध्यापिकांनी संमती दिली आहे. चाचण्या, सण आणि सुट्ट्या वगळल्या तर बारा शनिवार हाती लागतील. शनिवारी आमची शाळा सकाळची असते.

व्यवस्थापनाची कल्पना अशी आहे की दर शनिवारी एक नवा तज्ज्ञ बोलवावा : एकदा कुंभार, एकदा डॉक्टर, एकदा चित्रकार, एकदा वकील. त्यामुळे मुलांना विविधता मिळेल आणि पालकही प्रसन्न होतील, असे त्यांना वाटते. माझा कल वेगळा आहे. पाचवीपर्यंत जवळजवळ सगळे विषय एकच वर्गशिक्षक शिकवतात आणि सहावीपासून विषयवार शिक्षक येऊ लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असावा, असे सांगितले आहे. एखाद्या विषयाची स्वतःची एक रीत असते, त्यात प्रश्न कसे विचारतात, पुरावा कशाला म्हणतात, हे मुलाला पहिल्यांदा कळू शकते ते याच वयात. ते एका तासाच्या व्याख्यानातून कळेल असे मला वाटत नाही. म्हणून संपूर्ण सत्र एकाच विषयाला द्यावे, असे माझ्या मनात आहे.

मात्र माझ्यापुढे काही अडचणी आहेत. प्रत्येक वर्गाचा पट चाळीसच्या आसपास आहे, प्रयोगशाळा एकच आहे आणि सहलीसाठी वेगळा निधी नाही. विषय कोणता घ्यावा, बाहेरचा तज्ज्ञ घ्यावा की आपल्याच शिक्षकाने शिकवावे, आणि आठवीच्या पालकांना हे कसे पटवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दांडियाबाजार

ताई, आपला कल योग्य आहे आणि तो सोडू नये. मी उच्च प्राथमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. दर आठवड्याला नवा पाहुणा आला की मुले टाळ्या वाजवतात, चार प्रश्न विचारतात आणि पुढच्या शनिवारी त्यातले काहीही शिल्लक राहिलेले नसते, हे मी बऱ्याच शाळांत पाहिले आहे. पाहुण्याचा यात दोष नसतो. मुलाने आधी स्वतः काही केलेले नसले, तर तज्ज्ञाचे उत्तर ठेवायला त्याच्या डोक्यात जागाच तयार झालेली नसते.

माझी सूचना अशी आहे की विषय 'खगोल' किंवा 'पर्यावरण' असा अघळपघळ ठेवू नये. 'आपल्या अंगणातले ऊन आणि पाऊस' एवढाच ठेवावा, आणि त्यात रोज मोजता येईल अशी एक वस्तू असावी. मी काठीची सावली सुचवतो, कारण आपल्या गावाला त्यात विशेष लाभ आहे.

वडोदरा सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ९ जुलैच्या आसपास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. ती फार लहान असते, २१ जूनला एक मीटर काठीची जेमतेम दोन सेंटिमीटर, पण दिशा उलटी झालेली स्पष्ट दिसते. इथे लिहिणाऱ्या ग्वाल्हेरच्या मंडळींना हे आपल्या अंगणात कधीच दिसणार नाही, कारण त्यांचे गाव कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेला आहे. इंदूरकरांना मात्र दिसेल. जुलैनंतर सावली उत्तरेकडे वळते आणि वाढू लागते : २१ ऑगस्टच्या सुमारास साधारण १८ सेंटिमीटर, २३ सप्टेंबरला ४१, आणि २० ऑक्टोबरला ६४. म्हणजे आपले सत्र नेमके अशा काळात येते की शून्यापासून निघालेली एक रेषा मुलांच्या आलेखावर त्यांच्या डोळ्यांदेखत वर चढत जाते.

दुसरी गंमत वेळेची आहे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि वडोदरा ७३.२ अंशांच्या जवळ आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३७ मिनिटांनी होते. शिवाय ती वर्षभर एका जागी राहत नाही. जुलैच्या मध्यावर सर्वांत आखूड सावली १२ वाजून ४३ मिनिटांच्या आसपास पडते आणि २० ऑक्टोबरला १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य मुलांनी अनेकदा वाचलेले असते. त्यांनी स्वतः दहा-दहा मिनिटांनी खुणा केल्या की ते वाक्य त्यांच्या हातूनच दुरुस्त होते. सातवीच्या मुलाला याहून चांगला भूगोल मी शिकवू शकलो नसतो.

आता अडचण. शनिवारी आपली शाळा सकाळची असल्यामुळे ही वेळ शाळेत मिळणार नाही. म्हणून मोजणी शनिवारी ठेवूच नका. सोमवार ते शुक्रवार मधल्या सुट्टीच्या वेळेला जुळवून पाच-सहा मुलांच्या एकेका गटाने पाळीपाळीने मोजावे, आणि शनिवारच्या दोन तासिका त्या आठवड्याच्या नोंदी फळ्यावर मांडून त्यांवर वाद घालण्यासाठी ठेवाव्यात. चाळीस मुलांच्या वर्गाचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. वाद निश्चित होईल. सूर्य हा बिंदू नसून आपल्याला अर्ध्या अंशाची तबकडी दिसते, त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर धूसर असते; एकजण गडद भागापर्यंत मोजतो आणि दुसरा फिकट कडेपर्यंत. कोणाचे बरोबर, हे शिक्षकाने सांगू नये. सगळ्यांनी एकच पद्धत ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, इतकेच पाहावे. ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून काठी सरळ आहे की नाही, हे मात्र रोज तपासावे. हलकी काठी वाऱ्याने कलते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, म्हणून जोडीला पर्जन्यमापक हवाच. एकसारख्या रुंदीची बाटली घ्यावी, तळ उंचसखल असेल तर सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करावी, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा आणि बाटली भिंती व झाडांपासून दूर ठेवावी. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, तेव्हा आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे वर्तमानपत्रातील आकड्याशी तुलना करता येईल. दोन आकडे जुळणार नाहीत, कारण पाऊस गावभर सारखा पडत नाही, आणि तोही एक धडाच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे मुलांना समजले की वर्गाच्या पन्नास चौरस मीटर छपरावर वीस मिलिमीटर पावसात एक हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब सहावीतली मुलेही आपणहून करतात.

कोठीरस्ता

दांडियाबाजार सरांची आखणी उत्तम आहे. मी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकले आणि शाळांच्या सहली संग्रहालयात येताना जवळून पाहिल्या आहेत, म्हणून तज्ज्ञांच्या प्रश्नावर थोडे लिहिते.

तज्ज्ञ जरूर घ्यावा, पण सत्राच्या सातव्या-आठव्या आठवड्यात घ्यावा, आणि तोही एकच. त्याला आधी मुलांच्या दोन-तीन वह्या पाठवून द्याव्यात. 'हवामानावर काही सांगा' अशी विनंती केली की विद्वान माणूस महाविद्यालयातील व्याख्यान सोपे करून आणतो, आणि ते सोपे झालेले नसते. 'आमच्या मुलांच्या नोंदीत या चार दिवशी पावसाचा आकडा शहराच्या आकड्याच्या दुप्पट आला आहे, याचे कारण काय असेल' असे विचारले, तर तोच माणूस मुलांच्या बाकावर येऊन बसतो.

सहलीबद्दलही हेच म्हणेन. सयाजीबागेतील संग्रहालयात शाळा एका सकाळी सगळी दालने उरकतात. मुले ममी पाहतात, निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहतात, ओळीने चालतात आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खातात. त्याऐवजी एकाच दालनात सत्रातून तीनदा यावे. पहिल्यांदा नुसते पाहून चित्र काढावे, दुसऱ्यांदा प्रश्न लिहून आणावेत, तिसऱ्यांदा उत्तरे शोधावीत. देवमाशाच्या सांगाड्यापुढे एक मुलगी नुसती उभी होती. तिने पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवातील हाडे मोजली आणि आपल्या पंजाकडे पाहत राहिली. तिच्या शिक्षकांनी तिला हाक मारून पुढे नेले. अजून पाच मिनिटे तिथे थांबू दिले असते, तर वर्षभराचे जीवशास्त्र तिने स्वतःच विचारले असते.

विषयाच्या बाबतीत मात्र एक भर सुचवते. केवळ मोजमापात न रमणारी मुलेही वर्गात असतात. त्यांच्यासाठी पावसाचा धागा विश्वामित्रीपर्यंत न्यावा. ही नदी पावागढच्या डोंगराळ भागातून निघते, शहराच्या मधून वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. २०२४ च्या ऑगस्टमधला पूर आपल्या मुलांनी स्वतः अनुभवला आहे. त्यांनी आजीआजोबांना, शेजाऱ्यांना, दुकानदारांना विचारावे की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, त्याआधीच्या पुरात कुठवर आले होते, आणि आजवा सरोवरातून पाणी सोडल्याची बातमी कशी कळली. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा, त्यातून आलेले शहराचे पिण्याचे पाणी, पुढे नदीपात्राशेजारी वाढत गेलेली वस्ती, हे सगळे त्या मुलाखतींतून आपोआप पुढे येते. हा इतिहासच आहे आणि त्याची शिस्तही मोजमापाइतकीच कडक असावी : कोणी सांगितले, स्वतः पाहिले की ऐकले, केव्हाची गोष्ट, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहिलेच पाहिजे. दोन जणांनी दोन वेगळ्या पायऱ्या सांगितल्या तर दोन्ही लिहून ठेवाव्यात.

एक कळकळीची सूचना. मुलांना नदीच्या काठावर उतरवू नये. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या काठाला, कधी वस्तीतही येतात. पुलावरून, कठड्यापासून दूर राहून, शिक्षकांच्या सोबतीने पाहिलेले पुरेसे आहे.

रियाजघर

मी गायन शिकवते आणि वरील दोघांशी सहमत असूनही एक फरक मांडू इच्छिते, कारण हा प्रश्न वाचून काही शाळा संगीत किंवा चित्रकला हा विशेष विषय निवडतील.

ज्या विषयात निरीक्षण आणि चर्चा आहे, त्याला आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका लाभतात. ज्या विषयात गळा किंवा हात तयार करायचा असतो, त्याला ही रचना मानवत नाही. शनिवारी सत्तर मिनिटे अलंकार (सरावाच्या स्वररचना) म्हटले आणि मधले सहा दिवस काहीच केले नाही, तर पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच षड्जापासून, म्हणजे पहिल्या 'सा'पासून, सुरुवात होते. तेवढाच वेळ रोज प्रार्थनेनंतर बारा-पंधरा मिनिटे असा वाटून दिला, तर एका सत्रात भूपासारखा पाच स्वरांचा राग, त्यातली एक मध्य लयीतली बंदिश आणि हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा, एवढे चाळीस मुलांच्या वर्गालाही जमते. सहावी ते आठवीत मुलग्यांचे आवाज फुटू लागतात, त्यांना उंच पट्टीत ओढू नये. त्यांच्याकडे ठेका, लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी पेटीवरची सुरावट) आणि ताल धरण्याचे काम द्यावे, म्हणजे ते वर्गातून मनाने बाहेर पडत नाहीत.

वडोदऱ्यात १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू झाली आणि तिचीच परंपरा पुढे विद्यापीठाच्या विद्याशाखेत आली. इतक्या जुन्या परंपरेच्या गावात शाळेतले संगीत स्नेहसंमेलनाच्या दोन गाण्यांपुरते उरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ज्यांना संगीत निवडायचे असेल त्यांनी जरूर निवडावे, पण वेळापत्रक आधी बदलून घ्यावे.

मांजलपूर_पालक

माझा मुलगा आठवीत आहे. हे सारे वाचून आनंद झाला, तरीही पालक म्हणून विचारतो. पुढच्या वर्षी नववी आहे, शिकवणीचे वर्ग आताच सुरू झाले आहेत, आणि घटक चाचणीत विशेष विषयावर एकही प्रश्न येणार नाही. माझ्यासारख्या पालकांनी हा वेळ कशाच्या बदल्यात द्यावा, हे शाळेने स्पष्ट सांगितले तर आम्ही विरोध करणार नाही.

सूरसागरकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांमुळे माझी बरीच मांडणी पक्की झाली.

मांजलपूरच्या पालकांना प्रथम उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि एक हजार तास अध्यापन अपेक्षित आहे. पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका, बारा शनिवार, म्हणजे सगळे मिळून चौदा तास होतात. एका सत्राचे पाचशे तास धरले तर तीन टक्क्यांपेक्षाही कमी. आणि हा वेळ अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही. आलेख, सरासरी, गुणोत्तर, अक्षांश-रेखांश, ऋतू, जलचक्र हे सारे पाठ्यपुस्तकात आहेच. आपला मुलगा ते या चौदा तासांत स्वतःच्या आकड्यांवर करणार आहे. नववीतला त्रिकोणांचा भाग आणि दहावीतील त्रिकोणमिती त्याला समोर येईल तेव्हा काठी, सावली आणि सूर्यकिरण यांचा काटकोन त्रिकोण त्याने शंभर वेळा पाहिलेला असेल. पहिल्या पालकसभेत आम्ही हे फळ्यावर मांडून दाखवू.

व्यवस्थापनाशी बोलताना मला २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा उपयोग झाला. त्यात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, असे सुचवले आहे. कुंभार, सुतार, माळी यांना बोलावण्याची व्यवस्थापनाची इच्छा त्या दिवसांत पूर्ण होईल आणि शनिवारचा विशेष विषय अखंड राहील, असे मी सुचवले आणि ते त्यांना मान्य झाले. संगीताच्या रोजच्या पंधरा मिनिटांचा विचार दुसऱ्या सत्रासाठी ठेवला आहे. रियाजघर ताईंनी तेव्हा सवड काढावी, अशी आतापासून विनंती करते.

सहावीला पाऊस, सातवीला सावली आणि आठवीला दोन्हींची सांगड व पुराच्या मुलाखती, अशी वाटणी करावी असे ठरते आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. नवरात्रात मुले रात्री उशिरापर्यंत गरब्याला जातात आणि त्या आठवड्यात दुपारी उभे राहून मोजण्याची त्यांची तयारी नसते. तो खंड कसा भरावा? आणि गुण द्यायचे नसतील तर मूल्यमापन कशाचे करावे?

दांडियाबाजार

नवरात्रातला खंड भरूच नये. ज्या दिवशी नोंद नाही तिथे आलेखावर जागा मोकळी सोडावी आणि वहीत कारण लिहावे : 'ढग', 'सुट्टी', 'कोणी आले नाही'. मोकळ्या जागेवर अंदाजाने ठिपका देण्याचा मोह हुशार मुलांनाच जास्त होतो, तेव्हा त्यांच्या वह्या आधी पाहाव्यात. पेन्सिलीने तुटक रेषा ओढून अंदाज दाखवण्यास हरकत नाही, पण मोजलेला ठिपका आणि मानलेला ठिपका यांची खूण वेगळी असलीच पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सावली रोज साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास वाढत असते, त्यामुळे नवरात्रानंतरचा पहिला ठिपका अंदाजाच्या किती जवळ पडला, हे पाहण्याची मुलांना उत्सुकता लागते.

मूल्यमापनासाठी मी दोनच गोष्टी सुचवीन. एक म्हणजे वही, आणि तिच्यात नीटनेटकेपणा न पाहता खाडाखोड पाहावी : चुकलेला आकडा खोडून टाकला आहे, की एक रेघ मारून शेजारी कारण लिहिले आहे? दुसरी म्हणजे सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाने पाचवीच्या मुलांना आपला आलेख समजावून सांगावा. पाचवीची मुले भीड ठेवत नाहीत, 'का' विचारत राहतात, आणि आपल्या मुलांना कुठे कळलेले नाही हे दहा मिनिटांत त्यांना स्वतःला समजते. शिक्षकाने मागे बसून टिपणे घ्यावीत आणि प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी तीन-चार वाक्ये लिहावीत.

आठवीसाठी एक काम दिवाळीच्या सुट्टीआधी द्यावे. जुलै ते ऑक्टोबरच्या आलेखावरून २२ डिसेंबरला त्याच काठीची दुपारची सावली किती लांब असेल, हे प्रत्येकाने कारणासह लिहून पाकिटात बंद करून द्यावे. बहुतेक मुले रेषा तशीच सरळ पुढे ओढतील आणि १२० सेंटिमीटरच्या आसपास पोचतील; एखाद्याच्या लक्षात येईल की वाढीचा वेग नोव्हेंबरपासून मंदावायला हवा, कारण सूर्य परत फिरणार आहे. प्रत्यक्षात ती सावली काठीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त भरते. डिसेंबरमध्ये आभाळ स्वच्छ असते, तेव्हा पाकिटे मोजणी झाल्यावर त्याच अंगणात उघडावीत. काठीसाठी बसवलेला पाया सत्र संपले म्हणून काढून टाकू नका, एवढे शिपाईमामांना आधीच सांगून ठेवावे.